बाबांच्या फुफ्फुसाच्या ऑपरेशनला 'कम्प्युटरवाला स्टेपलर' सुचवलाय. मशीनच ऑपरेशन करतं का? (नागपूर)

नाही हो. कुठे लावायचा, कधी दाबायचा हे सर्जनच ठरवतात. स्टेपलर दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या ओळी मारतो आणि मधून पातं सरकवून कापतो. आतली चिप दाब मोजते. भाग जाड लागला की मोटर हळू होते किंवा थांबते, म्हणजे पिना नीट वळतात. साध्या स्टेपलरमध्ये हा अंदाज सर्जनच्या मुठीला घ्यावा लागतो. तरी हवा गळू शकते, म्हणून छातीत नळी राहतेच. पिना कायम आत राहतात, एमआरआयला सहसा अडचण येत नाही.

मेडिकलमध्ये (सरकारी रुग्णालयात) दाखवा की धंतोलीतल्या खासगी रुग्णालयात, कार्ट्रिज (स्टेपलरमध्ये बसवायचा पिनांचा संच) किती लागतील आणि एकाचे किती पैसे, हे आधी विचारा. एक कार्ट्रिज एकदाच चालतं. बिल तिथंच फुगतं.