अर्धी उरलेली मेणबत्ती : वाचकांचे प्रश्न

मेणबत्ती लावून केल्या जाणाऱ्या संकल्पविधींबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच शंकेवर आहे : एकदा विधीसाठी पेटवलेली मेणबत्ती पुन्हा वापरावी की नाही? म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. मेणबत्तीने नोकरी मिळते किंवा आजार बरा होतो असे मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु एखाद्या परंपरेत एखादा नियम का आला, हा प्रश्न विश्वास असणाऱ्या आणि नसणाऱ्या दोघांनाही विचारता येतो.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून 'विक्का' पद्धतीने मेणबत्तीचे विधी करते. मुलाखतीच्या आधी एका हिरव्या मेणबत्तीवर स्वतःचे नाव कोरून, तिला दालचिनीचे तेल चोळून ती लावली होती. नोकरी मिळाली, पण मेणबत्ती अर्धीच जळली आहे. आता भाड्याचे चांगले घर मिळावे यासाठी तीच लावली तर चालेल का? टाकून द्यायला जीव होत नाही. — एक वाचक, पुणे

उत्तर : विक्का हा निसर्गपूजा आणि जादूविधी मानणारा पाश्चात्त्य पंथ आपण समजतो तितका जुना नाही. इंग्लंडमध्ये 1735 चा जादूटोण्याविषयीचा कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी या उपासनेविषयी पुस्तक लिहून ती उघडपणे लोकांसमोर मांडली. या पंथात आणि त्याच्या आसपासच्या पद्धतींत मेणबत्त्यांचे दोन प्रकार मानतात. एक वेदीवर उजेडासाठी ठेवलेली. ती रोज लावावी, रोज मालवावी, संपली की बदलावी, त्यात कोणाचीच हरकत नसते. दुसरी 'कामाची', म्हणजे जिच्यावर नाव कोरले, जिला तेल लावले आणि जिच्यापाशी मागणे मागितले ती. ही दुसरी मेणबत्ती त्या एका मागण्यालाच बांधलेली असते आणि दुसऱ्या मागण्यासाठी ती वापरू नये, असे बहुतेक साधक सांगतात. आपण विचारलेल्या प्रश्नाचे त्या परंपरेतले उत्तर त्यामुळे 'नाही' असेच आहे.

यामागचे कारण 'ऊर्जा मिसळते' असे सांगितले जाते. मला ते कारण अपुरे वाटते. अधिक जुने आणि अधिक पटणारे कारण असे, की या विधीत मेणबत्ती हे साधन नसून ती देण्याची वस्तू असते, आणि ती संपणे हेच ते देणे असते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आजारी माणसाच्या उंचीइतका दोरा मोजून घेत, त्या दोऱ्याची वात करून तिच्यावर मेण चढवत, लांबच लांब झालेली ती मेणबत्ती वेटोळे करून संताच्या समाधीपाशी नेऊन देत. माणसाऐवजी माणसाच्या मापाचे मेण जळत असे. त्यातली अर्धी मेणबत्ती घरी परत आणून दुसऱ्या नवसाला लावावी हे त्या माणसांच्या मनातही आले नसते, कारण ती त्यांची उरलीच नव्हती. वांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाचे हात, पाय, बाळे आणि घरेसुद्धा विकायला असतात, ती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. दुखऱ्या पायासाठी वाहिलेला मेणाचा पाय पुढच्या वर्षी गुडघ्यासाठी कोणी परत मागत नाही.

तरीही हा नियम आज इतका कडक का झाला, याविषयी माझा एक तर्क आहे. मधमाश्यांचे मेण महाग असे. गरिबांच्या घरी चरबीच्या, धूर सोडणाऱ्या आणि उग्र वासाच्या मेणबत्त्या जळत. 1825 मध्ये फ्रान्समध्ये शेव्ह्रूल आणि गे-ल्यूसॅक या रसायनशास्त्रज्ञांनी चरबीपासून स्टिअरिन हा कडक, मेणासारखा पदार्थ काढून त्याच्या मेणबत्त्या करण्याचे पेटंट घेतले, 1850 मध्ये जेम्स यंग यांनी दगडी कोळशापासून पॅराफिन (आजच्या साध्या मेणबत्त्यांचे मेण) काढण्याचे पेटंट घेतले आणि 1856 नंतर कृत्रिम रंग बाजारात आले. प्रत्येक इच्छेला वेगळ्या रंगाची, नवी कोरी मेणबत्ती हे या कारखानदारीशिवाय सामान्य माणसाला परवडलेच नसते. पैशासाठी हिरवी, प्रेमासाठी गुलाबी हे कोष्टक प्राचीन म्हणून सांगितले जाते तेव्हा हे लक्षात ठेवावे. (हिरवा रंग पैशाचा, यात अमेरिकन डॉलरच्या नोटेचा हात असावा अशी मला दाट शंका आहे.)

आपल्या मेणबत्तीचे काय करायचे? त्याच कामाचे आभार म्हणून ती शेवटपर्यंत जळू द्यावी, हा मार्ग परंपरेला धरून आहे. एका कामासाठी एकच मेणबत्ती अनेकदा पेटवण्याला मुळीच बंदी नाही. मेणबत्तीवर सात खुणा करून रोज एकेक भाग जाळण्याची रीत सर्रास आहे आणि खुणेसाठी टाचण्याही टोचतात. टाचणीचा हा उपयोग जुना आहे. इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या मुली मेणबत्तीत वातीच्या आरपार टाचण्या खुपसत, आणि ज्योत टाचणीपर्यंत उतरली की मनातला माणूस दाराशी येतो असे मानत. घरासाठी मात्र नवी मेणबत्ती घ्यावी. दालचिनीचे तेल लावताना बोटाला लागेल इतकेच लावावे, कारण ज्योत लागली की ते तेलही पेट घेते.

प्रश्न : मेणबत्ती फुंकून विझवली तर संकल्पही विझतो, असे एका व्हिडिओत सांगितले होते. माझ्याकडून सवयीने फुंकर मारली गेली. आता ती पुन्हा पेटवता येईल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : पेटवता येईल. फुंकर न मारण्याचा संकेत अनेक ठिकाणी आहे, पण त्याची कारणे निरनिराळी आहेत. पारशी धर्मात अग्नीला श्वासाचा विटाळ होऊ नये म्हणून धर्मगुरू अग्नीसमोर तोंडावर शुभ्र पट्टी बांधतात. आपल्या घरांतही निरांजनावर फुंकर मारलेली वडीलधाऱ्यांना चालत नाही आणि 'दिवा विझव' म्हणण्याऐवजी 'दिवा मालव' किंवा 'शांत कर' म्हणण्याची पद्धत आहे. विक्कातले साधक यासाठी लांब दांड्याची छोटी टोपी वापरतात. ती नसेल तर स्टीलची वाटी किंवा चमचा ज्योतीवर उपडा धरला तरी काम होते. संकल्पाचे काय होते ते ज्याने त्याने ठरवावे, पण टोपीचा एक व्यावहारिक फायदा निश्चित आहे : वितळलेले मेण उडत नाही.

मेणबत्ती विझल्यानंतर वातीतून जी पांढुरकी रेघ वर जाते, ती साधा धूर नसून न जळलेल्या मेणाची वाफ असते. पेटती काडी वातीला न लावता त्या रेघेत, वातीपासून दोन-तीन बोटे वर धरावी. ज्योत रेघेवरून खाली उडी मारते आणि वात आपोआप पेटते. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1860-61 च्या नाताळातील व्याख्यानांत मुलांना हा प्रयोग दाखवला होता. आपल्या हातून फुंकर गेली असेल तर लगेच हे करून पाहावे. पुन्हा पेटवताना जी जादू दिसेल ती तरी खात्रीची आहे.

प्रश्न : आमच्या घरी आजी फेब्रुवारीत चर्चमधून आशीर्वादित मेणबत्ती आणत असे आणि वर्षभर तीच वापरत असे. वादळ आले की लावायची, कोणी अत्यवस्थ असले की लावायची, मग फडक्यात गुंडाळून पुन्हा कपाटात. आता माझी मुलगी म्हणते की अशी मेणबत्ती पुन्हा वापरणे चुकीचे असते. आजी चुकत होती का? — एक वाचक, वसई

उत्तर : आजी अजिबात चुकत नव्हती. आपल्या मुलीने ऐकलेला नियम कामाच्या मेणबत्तीचा आहे आणि आजीची मेणबत्ती दुसऱ्या जातीची आहे. 2 फेब्रुवारीला, बाळ येशूला मंदिरात अर्पण केल्याच्या सणाला, कॅथलिक चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो. ती मेणबत्ती कोणत्याही एका मागण्यासाठी वाहिलेली नसते. ती घरात सांभाळून ठेवायची आणि गरजेला पुन्हा पुन्हा लावायची असते. पोलंडमध्ये या मेणबत्तीचे नावच मेघगर्जनेवरून पडले आहे, कारण गडगडाट सुरू झाला की ती खिडकीत ठेवत, आणि मरणाऱ्या माणसाच्या हातातही तीच देत. आपल्या आजीच्या कपाटातले फडके आणि तिकडची खिडकी यांत अंतर फार नाही.

पुनर्वापराचे सर्वांत ठळक उदाहरण तर खुद्द रोमचे आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री पेटवली जाणारी पास्काची मोठी मेणबत्ती पुढे वर्षभर बाप्तिस्म्याच्या आणि अंत्यविधीच्या वेळी लावली जाते. रोममध्ये आदल्या वर्षीच्या अशा मेणबत्त्यांचे उरलेले मेण वितळवून त्याच्या चकत्या पाडत, त्यांवर कोकराचा ठसा उठवत, आणि पोप आपल्या कारकिर्दीच्या पहिल्या व त्यानंतर दर सातव्या वर्षी त्यांना आशीर्वाद देत. लोक त्या चकत्या वीज, पूर आणि बाळंतपणातले संकट यांपासून रक्षण व्हावे म्हणून गळ्यात बांधत. ही भक्ती आणि ती जादू, अशी रेघ ओढणे किती अवघड आहे ते इंग्लंडच्या इतिहासात दिसते : तिथे प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात 1548 मध्ये फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांचा विधी बंद करण्यात आला आणि 1571 मध्ये अशा मेणाच्या चकत्या देशात आणण्यावरच कायद्याने बंदी घातली गेली. मुलीला इतकेच सांगावे की वाहिलेली मेणबत्ती परत घेत नाहीत, आणि आशीर्वादाची मेणबत्ती टाकून देत नाहीत.

प्रश्न : ऑनलाइन टॅरो (भविष्य सांगण्याचे पत्ते) पाहणाऱ्या एका व्यक्तीने माझ्या नावाने काचेच्या ग्लासातली सात दिवसांची मेणबत्ती लावली. तिसऱ्या दिवशी काच काळी पडल्याचा फोटो पाठवून तिने सांगितले की कोणीतरी करणी केली आहे, ही मेणबत्ती आता वाया गेली आणि नव्या तीन मेणबत्त्यांसाठी एकवीस हजार रुपये लागतील. आधी साडेपाच हजार दिले आहेत. काय करावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : एक रुपयाही देऊ नये. काचेतली ही मेणबत्ती मुळात कॅथलिक नवसाची. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या 'हूडू' परंपरेने ती आपलीशी केली आणि काचेवरच्या काजळीवरून शकुन पाहण्याची पद्धत तिथे खरोखरच आहे. पण काच काळी होण्याला साधे कारण असते. वात लांब राहिली, वरून तेल किंवा वाळलेला पाला जास्त पडला किंवा खोलीत पंखा चालू असला, की मेणाची वाफ पुरती जळत नाही आणि उरलेला कार्बन काचेवर बसतो. पेटवण्यापूर्वी वात सहा मिलिमीटरवर कापली असती, तर बहुधा करणीही टळली असती.

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. आपल्या घरात मेणबत्ती लावणे हा त्यात गुन्हा नाही. चमत्काराचे दावे करून लोकांना फसवणे, घाबरवणे आणि त्यावर पैसे कमावणे हा गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. वर उल्लेखलेला इंग्लंडचा 1735 चा कायदा 1951 मध्ये रद्द झाला तेव्हा त्याच्या जागी आलेला कायदाही मृतांशी बोलतो असे सांगून पैशासाठी फसवणाऱ्या 'माध्यमां'विरुद्धच होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फोटो, संदेश आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात, सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जावे.

प्रश्न : विधीनंतर उरलेले मेण वितळवून नवी मेणबत्ती करता येते का? की नदीत सोडावे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नदीत सोडू नये. हूडूमध्ये जे हवे ते घराजवळ पुरतात आणि जे नको ते वाहत्या पाण्यात किंवा चौरस्त्यावर टाकतात. आपल्याकडचा तिठ्यावरचा उतारा आठवावा. पण तो संकेत पाण्यात विरघळणाऱ्या वस्तूंना शोभतो. पॅराफिन पंचगंगेत विरघळत नाही.

वितळवता मात्र नक्की येते, आणि पुष्कळ साधक वेदीवरच्या उजेडाच्या मेणबत्त्या अशाच उरल्यासुरल्या मेणातून करतात. मेण थेट गॅसवर ठेवू नये. जुन्या डब्यात मेणाचे तुकडे घेऊन तो डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवावा. साधारण साठ अंशांच्या आसपास मेण पातळ होते, दोनशेच्या सुमारास त्याची वाफ पेट घेऊ शकते. त्यामुळे गॅसपासून हलू नये, आणि पेटलेच तर पाणी न ओतता डब्यावर झाकण ठेवावे. टाचण्या, कागद, लवंगा आणि कोळपलेल्या वाती आधी जुन्या सुती कापडातून गाळून काढाव्यात, नाहीतर नव्या मेणबत्तीत ज्योत एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी उठते. वेगवेगळ्या रंगांचे मेण एकत्र केले तर तपकिरी, मातकट मेणबत्ती तयार होते. ती विधीच्या कोणत्याही कोष्टकात बसत नाही, पण लाइट गेल्यावर उत्तम चालते. भांडे धुताना गरम मेण सिंकमध्ये मात्र ओतू नये. ते पाइपात जाऊन गोठते, आणि मग कोणत्याही रंगाची मेणबत्ती लावली तरी प्लंबर बोलवावाच लागतो.