निनावी पत्र आणि पाच लाखांची मागणी

प्रश्न : मी पुण्यातील एका खासगी कंपनीत सरव्यवस्थापक आहे. वीस वर्षांपूर्वी नोकरीच्या अर्जात मी पदवीधर असल्याचे लिहिले होते. प्रत्यक्षात शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहून गेले. आता पाच लाख रुपये न दिल्यास ही गोष्ट संचालकांना कळवण्याची धमकी देणारे निनावी पत्र घरी आले आहे. तक्रार केली तर मीच अडकेन का?

उत्तर : गुपित खरे असले तरी ते उघड करण्याची भीती घालून पैसे मागणे हा गुन्हाच आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ नुसार खंडणी उकळल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे हाती पडले नसले, तरी त्यासाठी भीती घालणे स्वतंत्रपणे शिक्षापात्र आहे. नाव लपवून धमकी दिल्यास कलम ३५१ खाली दोन वर्षांपर्यंतची जादा शिक्षा आहे.

पत्र फाडू नका. पाकीटही जपा, कारण टपाल शिक्क्यावरून ते कोठे व केव्हा टाकले गेले याचा माग लागतो. दोन्ही कागदी लिफाफ्यात ठेवा आणि पुन्हा पुन्हा हाताळू नका, म्हणजे बोटांचे ठसे पुसले जाणार नाहीत. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते.

अर्जातील खोट्या माहितीचा प्रश्न मात्र या तक्रारीने मिटत नाही. त्यासाठी आधी वकिलाला भेटा आणि, माझे स्पष्ट मत विचाराल तर, संचालकांना ती गोष्ट तुम्हीच सांगा.