हात विसरतात, म्हणून मॅन्युअल उघड

प्रिय मित्रा,

महिन्यातून दोन दिवस रणगाड्याला हात लावून कोणी तरबेज मेकॅनिक होतं का, असं तू विचारलंस. नाही होत. म्हणून नॅशनल गार्डमध्ये, अमेरिकेच्या या अर्धवेळ सैन्यदलात, जाऊ नये का? जावं. पण मग मॅन्युअल उघडायची लाज सोडावी लागते.

फोर्ट बेनिंगच्या तळावरून प्रशिक्षण घेऊन परतशील तेव्हा सगळं हातात बसलेलं असेल. पुढे महिन्याचा एक शनिवार-रविवार, त्यातलेही कितीतरी तास हजेरी, वैद्यकीय तपासण्या आणि कागदपत्रांत जातात. मोटरपूलसाठी, म्हणजे गाड्यांच्या देखभालीसाठी, उरतं ते थोडंच. हात विसरतात, आणि विसरल्याचं त्यांना कळत नाही. म्हणून मॅन्युअल उघड. ट्रॅकचा, म्हणजे रणगाड्याच्या साखळीपट्ट्याचा, ताण बघताना उघड, त्याच्या कड्या जोडणाऱ्या एंड कनेक्टरचे बोल्ट आवळताना उघड, तेच काम कितव्यांदाही करत असलास तरी उघड. ट्रकच्या गॅरेजमधला अनुभव कामाला येईल म्हणतोस. येईल, पण तिथला अंदाज इथे आणू नकोस. अब्राम्स रणगाड्यात १५०० अश्वशक्तीचं टर्बाइन आहे. डिझेल इंजिनावर बसलेला हात इथे सरळ चुकीचं सांगतो.

"माहितीये ना तुला, उरक लवकर," असं लोक म्हणतील. मला वर्षानुवर्षं म्हणाले. मी सावकाश म्हणून ओळखला गेलो, बढतीच्या वेळी ते आडवंही आलं असेल. तरी मी बदललो नाही आणि आजही बदलणार नाही. टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, फिरला की मध्ये सापडलेला माणूस चिरडला जातो. टरेट लॉक लावलंय का, मास्टर पॉवर बंद आहे का, हे पानावर लिहिलेलं असतं. मग वाच ना ते पान!

गाडीची तपासणी आणि दोष नोंदवायच्या ५९८८-ई फॉर्मवरही तेच. क्रूने 'दोष नाही' असं लिहिलं म्हणून तूही तसंच लिहू नकोस, स्वतः वाकून बघ. सराव तोंडावर आला की 'एक्स'च्या (गाडी वापरायची नाही) जागी तिरकी रेघ (दोष आहे, पण चालेल) मारून गाडी चालू दाखवायचा आग्रह होतो. मॅन्युअलमधल्या तपासणीच्या तक्त्यात एक रकानाच असतो: गाडी कोणत्या अवस्थेत तयार धरायची नाही. त्यावर बोट ठेव. मग समोरच्याचा वाद तुझ्याशी राहत नाही.

बाहेरच्या नोकरीची धास्ती नको, सैन्यसेवेवर गेलेल्यांच्या नोकऱ्या जपणारा १९९४ चा यूसेरा कायदा तुझी जागा राखतो. मात्र बांधिलकी एकूण ८ वर्षांची असते, हे घरी नीट सांग. आणि गार्डच्याच वर्कशॉपमध्ये पूर्णवेळ टेक्निशियनची जागा निघाली तर घे. मी बाहेरची नोकरी धरून बसलो, त्याची हळहळ अजून आहे. रोज हात चालले असते. अर्थात मॅन्युअल तिथेही उघडंच ठेवलं असतं मी.

सहीआधी रिक्रूटरला, म्हणजे भरती करणाऱ्याला, एवढं विचार: युनिटकडे अब्राम्स आहेत की ब्रॅडली ही चिलखती गाडी? ९१ए (अब्राम्सचा मेकॅनिक) आणि ९१एम (ब्रॅडलीचा) ही वेगवेगळी प्रशिक्षणं आहेत. उत्तर लेखी घे आणि मला पाठव.

तुझा,
एक जुना मेकॅनिक