भरलेल्या ओपीडीत येणारा रितेपणा

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एमडी मेडिसिन होऊन ११ वर्षे झाली, तालुक्याच्या गावी स्वतःचे रुग्णालय आहे, ओपीडीत रोज ७०-८० रुग्ण असतात, घरी सर्व ठीक आहे, झोपही लागते; तरीही रोज तीच औषधे लिहिताना बुद्धी गंजत चालली आहे असे तुम्हाला वाटते. आठ दिवस सुट्टी घेऊन फिरून आलात, पण सोमवारी पहिला केसपेपर हातात घेताच मन पुन्हा तसेच झाले. मी सातारा जिल्ह्यातील एका लहान गावात २६ वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो आहे आणि तुमच्याच टप्प्यावर याच अवस्थेतून गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट तपासून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत 'बर्नआउट'ची तीन लक्षणे दिली: शक्ती संपल्यासारखा थकवा, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. तुमच्या लिहिण्यात पहिले लक्षण फारसे दिसत नाही, तिसरे मात्र ठळक आहे. म्हणूनच सुट्टीचा उपयोग झाला नसावा. पुढे कधी झोप उडाली, भूक गेली किंवा जगणे नकोसे वाटले, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे रुग्ण म्हणून जा. कपाटातील सॅम्पलच्या गोळ्यांवर स्वतःचा उपचार करू नका. आपल्यापैकी अनेक जण नेमके तेच करतात.

हा गंज कुठून येतो, याविषयी माझे मत असे आहे. रेसिडेन्सीत, म्हणजे एमडी शिकताना, आपण थकलेलो असायचो, पण राउंडला सर 'हेच निदान का?' असे विचारायचे आणि रुग्णाचे पुढे काय झाले हे दुसऱ्या दिवशी वॉर्डातच कळायचे. खासगी व्यवसायात ते 'का' विचारणारे कोणी राहत नाही. परत न आलेला रुग्ण बरा झाला, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला की दगावला, हे कळत नाही, आणि रेफर केलेल्या रुग्णाचे उत्तर तर क्वचितच येते. विचार केला काय आणि न केला काय, फरक दिसेनासा झाला की मन हळूहळू विचार करणे सोडून देते.

मला हे एका पावसाळ्यात उमगले. चाळिशीचा एक शेतमजूर सहा दिवसांच्या तापाने आला होता. प्लेटलेट कमी झालेल्या, डोके प्रचंड दुखत होते. एनएस१ ही डेंग्यूची रक्ततपासणी निगेटिव्ह असूनही मी डेंग्यूच धरून चाललो आणि धाप लागल्यावर त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. तीन आठवड्यांनी त्याचा भाऊ स्वतःच्या खोकल्यासाठी आला, तेव्हा त्याच्या पिशवीत त्या रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड होते. निदान होते स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप; चाव्याच्या जागी अनेकदा काळी खपली धरते. कमरेला करगोट्याखाली, सिगारेटचा चटका बसल्यासारखी ती खपली तिथल्या डॉक्टरांना सापडली होती आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला होता. मी त्या रुग्णाला चार वेळा तपासले होते; करगोटा एकदाही बाजूला केला नव्हता.

त्या रात्री मी दोनशे पानी वही आणली. रोज फक्त दोनच रुग्णांची नोंद: माझे निदान काय, ते कशावरून, आणि पुढे काय झाले. तिसऱ्या रकान्यासाठी शनिवारी दुपारी फोन करायचे. त्यातील निम्मे मी स्वतः करतो, कारण कंपाउंडरने विचारले तर लोक 'बरं आहे' एवढेच सांगतात. प्रत्येक तापाच्या रुग्णाची काख, जांघ आणि कंबर पाहू लागलो, तेव्हा त्याच पावसाळ्यात आणखी पाच खपल्या सापडल्या. अनेक वर्षांनी मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो होतो, आणि ते मला कोणी सांगितले म्हणून नव्हे.

हे लहान गावात होत नाही, असे कृपया म्हणू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण दगावताना पाहत होते. रात्रभर खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसात भरणारे पाणी यांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. १९८२ साली ती लक्षणे 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्या दंशावर जीव वाचवणारी ठरली. आपल्याला एवढे मोठे काही साधेलच असे नाही. परंतु त्यांच्याकडे होते ते साहित्य, म्हणजे रुग्ण, वही आणि एक न सुटलेला प्रश्न, तुमच्याकडेही आहे.

आता वेळेचे. अमेरिकेतील एका वैद्यकीय केंद्रातील मेडिसिनच्या अध्यापकांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली होती. स्वतःला सर्वांत अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामासाठी किमान २० टक्के वेळ देणाऱ्यांत बर्नआउटचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, तर त्याहून कमी वेळ देणाऱ्यांत सुमारे ५४ टक्के. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही, पण माझा अनुभव त्याला धरून आहे. २० टक्के म्हणजे साधारण आठवड्यातील एक दिवस; तो लगेच जमणार नाही. गुरुवारची संध्याकाळची ओपीडी बंद करा. पहिले तीन-चार महिने उत्पन्न थोडे घटते, दारावर पाटी असूनही लोक येऊन परत जातात, आणि घरच्यांना ते आधी समजावून सांगावे लागते. नंतर रुग्ण वार लक्षात ठेवतात.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट, म्हणजे व्याख्याने-परिषदांना हजर राहून मिळणारे गुण, लागतात. ते तुम्ही मिळवतच असाल. औषध कंपनीच्या खर्चाने हॉटेलात होणाऱ्या व्याख्यानांतून बुद्धीची भूक भागेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. आम्ही चौघे, एक बालरोगतज्ज्ञ, एक सर्जन, एक भूलतज्ज्ञ आणि मी, महिन्यातून दोनदा माझ्या तपासणीच्या खोलीत बसतो. प्रत्येकाने आपली चुकलेली किंवा अडलेली एक केस आणायची, एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) नाही, जेवण नाही. पहिल्या दोन बैठकींत कोणी चूक आणली नाही. तिसऱ्या बैठकीत मी करगोट्याची गोष्ट सांगितली, तेव्हा सर्जननी आपली काढली.

मधुमेहाच्या ऑनलाइन फेलोशिपविषयी विचारले आहे. जरूर करा, पण सहा महिने वही लिहून झाल्यावर. तोवर तुमचे प्रश्न खरोखर मधुमेहाचे आहेत की तापाचे, हे तुमच्याच अक्षरात तुमच्यासमोर असेल. प्रवेशाचे शुल्क तेव्हा भरा.