पुस्तकांचं विचारा : चित्रांची पुस्तकं आणि मोठी होणारी लेकरं

या वेळच्या टपालात चित्रांच्या पुस्तकांबद्दलच इतकं निघालं, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. मी अंबाजोगाईच्या एका वाचनालयात बालविभाग सांभाळते. पाचवी ते आठवीची लेकरं काय उचलतात, काय परत ठेवतात आणि काय दप्तरात कोंबून पळतात, ते रोज समोर दिसतं. उत्तरं त्या जोरावर देते आहे, त्यात माझी आवडनिवड येणारच.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीला, सेमी इंग्रजीत. तिला दोन्ही कानांना मशीन आहे. शाळेत जाताना केस पुढं ओढून ते झाकते. जाड पुस्तक हातात धरत नाही, कॉमिक मात्र जेवतानाही सोडत नाही. तिच्या बाई म्हणतात, चित्रांची सवय लागली की वाचन सुटतं. कॉमिक बंद करू का?
– एक आई, उदगीर

ताई, अजिबात बंद करू नका. बाईंची काळजी खरी असेल, पण कॉमिक वाचणारं लेकरू नुसती चित्रं बघत नसतं. दोन चौकटींच्या मधे पांढरी पट्टी असते ना, तिथं काय घडलं ते कुणीच लिहिलेलं नसतं. ते वाचणाऱ्यानं स्वतः भरायचं असतं. चेहरा एक बोलतो आणि फुग्यातलं वाक्य दुसरंच, हे ज्याला कळलं त्याला वाचता येतंच की. जाड पुस्तक पुढं येईल नाहीतर येणार नाही. त्याच्या नावानं आत्ता हातातलं काढून घेऊ नका.

तुमच्या लेकीसाठी माझ्या मनात एकच पुस्तक आहे. ‘एल डेफो’, लेखिका आणि चित्रकार सीसी बेल. 2014 साली आलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या, मुलांच्या पुस्तकांसाठीच्या न्यूबेरी सन्मानाच्या यादीत गेलं. हे तिचं स्वतःचं लहानपण आहे. चार वर्षांची असताना मेंदूज्वरात तिचं ऐकणं गेलं. शाळेत तिला छातीवर पट्ट्यानं बांधायचं मशीन मिळतं, ‘फोनिक इअर’ नावाचं. त्याचा माइक बाईंच्या गळ्यात. बाई वर्गाबाहेर गेल्या तरी माइक चालूच, त्यामुळं शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पा आणि बाथरूममधला आवाजसुद्धा सीसीला वर्गात बसून ऐकू येतो. इथं आमच्याकडची लेकरं मोठ्यानं हसतात. ज्या मशीनची लाज वाटत होती तेच तिची गुप्त शक्ती होतं, आणि मनातल्या मनात ती ‘एल डेफो’ नावाची सुपरहिरो बनते. पुस्तकात सगळी माणसं ससे आहेत. कान लांब, म्हणजे कानातली वायर लपणार कुठं!

आता जरा जवळून बघा. मशीनचे सेल संपत आले की फुग्यातली अक्षरं आधी फिकट होतात, मग पुसट, आणि शेवटी फुगा कोरा. तोंडं हलतायत, फुगे रिकामे. ऐकू येणाऱ्या माणसाला मी शंभर वाक्यांत जे समजावू शकणार नाही, ते त्या कोऱ्या फुग्यांत कळतं. म्हणून हे पुस्तक लेकीच्या आधी तुम्ही वाचा, आणि जमलं तर तिच्या बाईंनाही द्या. ओठ बघून बोलणं ओळखायच्या शिकवणीचाही भाग आहे. आपल्याकडं ‘पाय’ आणि ‘माय’ ओठांवर सारखेच दिसतात, आरशासमोर दोघी मायलेकी करून बघा. वर्गात बाई फळ्याकडं तोंड करून बोलल्या की तिचं काय होत असेल, तेही ध्यानात येईल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. सीसीला खुणांची भाषा नको असते, त्यावरून ती आईवर चिडते. मुलगी त्यावर काही बोलली तर बोलू द्या. ऐकू न येणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो, असं लेखिकेनंच शेवटच्या टिपणात लिहिलंय.

इंग्रजीची धास्ती नको. वाक्यं आखूड आहेत आणि चित्र हात धरून नेतं. शब्दन् शब्द मराठीत करून देऊ नका. तिला चौकटीवर बोट ठेवून तुम्हालाच गोष्ट सांगायला लावा, अडेल तिथं ती स्वतः अंदाज बांधते. आणि ‘ही बघ तुझ्यासारखीच आहे’ असं म्हणून तर मुळीच देऊ नका. जेवायच्या जागेजवळ टाकून ठेवा. जेवताना कॉमिक लागतं म्हणालात ना!

प्रश्न : धारूर तालुक्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. दिवाळीच्या आगेमागे बऱ्याच मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. काही लेकरं आजी-आजोबांकडं राहतात, काही हंगामी वसतिगृहात. धाकट्या भावंडाला सांभाळत शाळा करणारी पोरं-पोरी आहेत. वाचनालयासाठी थोडे पैसे आलेत. सहावी ते आठवीसाठी चित्रांची पुस्तकं हवी आहेत, शक्यतो मराठीत, आणि देवादिकांच्या गोष्टी सोडून.
– एक शिक्षक

सर, मराठीत चिंटू आहे, ते आधी घ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका 1991 साली ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. तिचे संग्रह मिळतात आणि जे पोरगं वाचायला बसतच नाही तेही त्यावर बसतं. पण चिंटूचं घर शहरातलं आहे. तुमच्या पोरांना हसू येईल, स्वतःचं घर त्यात दिसणार नाही. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संगणकावर फुकट वाचता येतात. त्यात कॉमिक कमी असलं तरी चित्रं बघण्यासारखी असतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रपुस्तकं भरपूर आहेत, छापून घ्यायलाही परवानगी आहे, मात्र सातवी-आठवीची पोरं त्यांना ‘बारक्यांची’ म्हणतात. अमर चित्र कथेतली थोरामोठ्यांची चरित्रं घेता येतील, पण वाईट माणूस तेवढा काळा का रंगवलाय, हे पोरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

म्हणजे मराठीत लेकरांसाठी लांबलचक, एका माणसाचं आयुष्य सांगणारं कॉमिक जवळजवळ नाहीच. याचा मला राग येतो. आपल्याकडं लिहिणारे आहेत, चित्रं काढणारे आहेत, आत्मकथनांची तर एवढी मोठी परंपरा आहे. प्रकाशक म्हणतात, रंगीत छपाई परवडत नाही. मग काळ्या-पांढऱ्यात काढा की! मलेशियाच्या ‘लाट’ नावाच्या व्यंगचित्रकारानं 1979 साली ‘द कॅम्पुंग बॉय’ काळ्या शाईतच काढलं. पेराक राज्यातल्या एका खेड्यातलं त्याचं लहानपण आहे. नदीत डुंबणं, मासे, रबराची झाडं, कथिलाच्या खाणीचं मोठं यंत्र, दोस्तांबरोबर चोरून कथील धुवायला जाणं आणि मग बापाकडून शिक्षा होणं. एकेका पानावर मोठ्ठं चित्र आणि खाली दोन-चार ओळी, त्यामुळं इंग्रजी पुस्तक हातात धरून तुम्ही मराठीत सांगू शकता. सुंतेचा प्रसंग आहे, पोरं खिदळतील. खिदळू द्या. शेवटी तो पोरगा गाव सोडून इपोह शहरात शिकायला निघतो, तेव्हा वसतिगृहातली पोरं गप होतील.

दुसरं पुस्तक खास त्या भावंडं सांभाळणाऱ्यांसाठी सुचवते. ‘व्हेन स्टार्स आर स्कॅटर्ड’, 2020 सालचं, ओमर मोहम्मद आणि व्हिक्टोरिया जेमिसन यांचं. ओमर सोमालियातल्या युद्धातून लहानपणीच निसटला आणि केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत वाढला. सोबत धाकटा भाऊ हसन. हसनला फेफरं येतं, तो एकच शब्द बोलतो, ‘हूयो’, म्हणजे आई. आईची ताटातूट झालेली. शेजारची फातुमा या दोघांना आईसारखं बघते. ओमरला शाळेत जायची संधी येते आणि प्रश्न पडतो, हसनकडं कोण बघणार? पाण्याची रांग, धान्याची रांग, दुसऱ्या देशात नेण्यासाठीच्या मुलाखतीची वर्षानुवर्षं वाट. निर्वासित छावणी आणि ऊसतोड एक नव्हे, पोरांना तसं सांगूही नका. पण ‘मी शाळेत गेलो तर भावाला कोण’ हा प्रश्न तुमच्या वर्गात बसलेला आहे. जाडजूड पुस्तक आहे. रोज दहा-बारा पानं पडद्यावर दाखवून वाचलीत तर एका हंगामात आरामात होईल.

‘भीमायन’ मात्र शाळेत असलंच पाहिजे. 2011 साली नवयान या प्रकाशन संस्थेनं काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, परधान गोंड आदिवासींच्या शैलीतली, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. बाबासाहेबांच्या आयुष्यातले पाणी, निवारा आणि प्रवासातले अपमान त्यात येतात. यात सरळ चौकटी नाहीत, गोष्ट वेलीसारखी पानभर वळत जाते. फुगे तर बघाच : साध्या माणसाचं बोलणं पाखराच्या आकारात, आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. पोरांना एकदा दाखवलं की कोण कसं बोललं ते ती स्वतःच ओळखतात. आपल्या मराठवाड्याचं पान म्हणजे दौलताबाद, 1934. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं. वेरूळकडं निघालेले बाबासाहेब आणि सोबतचे लोक किल्ल्याशी थांबले, दारापाशच्या हौदातल्या पाण्यानं हात-तोंड धुतलं, आणि पाणी बाटवलं म्हणून आरडाओरडा झाला. आत पाण्याला शिवू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. तुमच्या शाळेची सहल दौलताबादला जात असेल, तर हे पान सहलीच्या आधी वाचा.

पैसे उरले तर कोरे कागद घ्या, चेष्टा नाही. एका कागदाला दोन घड्या घालून चार चौकटी होतात. घरच्या म्हाताऱ्या माणसाला एक गोष्ट विचारून त्यात काढायची. आमच्याकडं एका पोरीनं किल्लारीच्या भूकंपाची काढली. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट. पहिल्या चौकटीत मिरवणुकीवरून आलेली दमलेली माणसं झोपलेली. दुसरी चौकट तिनं नुसती काळी केली. तिसरीत माळवदाचं लाकूड आणि त्याखालून आलेला बांगड्यांचा हात. चौथीत आजी म्हणते, ‘मी भाईर झोपले होते म्हणून.’ वाक्य तिथंच तुटलंय, कारण आजीनं तिथंच सोडलं होतं. त्या पोरीला काही शिकवायची गरज नव्हती.

प्रश्न : मी परभणीची, सातवीत आहे. मैत्रिणीकडून ‘स्माइल’ हे कॉमिक आणून एका दुपारी वाचलं. आई म्हणते, एका दुपारी संपणाऱ्या पुस्तकाला एवढे पैसे? आता पुढं काय वाचू?

अगं, एका दुपारी संपतं म्हणूनच ते पाच वेळा वाचता येतं! आईला सांग, दुसऱ्यांदा वाचताना नुसती पाठीमागची माणसं बघायची. 1989 चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप आठवतो ना त्यातला? ते पान परत काढ आणि वर धारूरच्या सरांना मी काय लिहिलंय ते वाच.

पुढं रैना टेलगेमायरचंच ‘गट्स’ घे, 2019 सालचं. ‘स्माइल’सारखं हेही तिचं स्वतःचंच लहानपण. ‘स्माइल’मध्ये दात पडले, इथं पोट बिघडतं, आणि मग पोट बिघडेल याचीच भीती बसते. परीक्षेच्या सकाळी ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी. रैना समुपदेशकाकडं जाते, त्यात लपवाछपवी काही नाही. घरात बहीण असेल तर ‘सिस्टर्स’. बहीण नसेल तर तेवढी मजा येणार नाही. जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्याच गटात गेली असेल तर व्हिक्टोरिया जेमिसनचं ‘रोलर गर्ल’. आणि मोठ्या शाळेत गेल्यावर आपण तिथले नाही असं वाटत असेल, तर जेरी क्राफ्टचं ‘न्यू किड’. चित्रं काढणारा जॉर्डन एका श्रीमंत शाळेत जातो आणि तिथले काही शिक्षक काळ्या मुलांना सारखे चुकीच्या नावानं हाका मारतात. 2020 मध्ये त्याला न्यूबेरी पदक मिळालं. ते पदक मिळवणारं पहिलंच चित्रकादंबरीचं पुस्तक. आईला ही बातमी ऐकव, पैशाचं बघू.

प्रश्न : नातू दहा वर्षांचा. त्यानं मित्राकडून एक जपानी पुस्तक आणलंय, ते पाठीमागून उघडतं. छपाई चुकलीय का? शिवाय पुण्याच्या आत्यानं त्याला वाढदिवसाला ‘पर्सेपोलिस’ दिलंय. चालेल का?
– एक आजोबा, पैठण

आजोबा, छपाई बरोबर आहे. जपानी मांगा उजवीकडून डावीकडं वाचतात, चौकटीही तशाच क्रमानं. आमच्याकडं उर्दू शाळेतली लेकरं येतात, त्यांना यात काही नवल वाटत नाही, उलट तीच बाकीच्यांना शिकवतात. मात्र पुस्तक कोणत्या वयासाठी आहे ते मलपृष्ठावर बघून घ्या. मांगा सगळ्या वयांसाठी निघतात, फक्त मोठ्यांसाठीही.

‘पर्सेपोलिस’वरून पुष्कळांची फसगत होते. मार्जान सत्रापीची गोष्ट सुरू होते तेव्हा ती तुमच्या नातवाएवढीच, दहा वर्षांची आहे आणि चित्रंही साधी काळी-पांढरी. पण त्यात इराणमधली क्रांती आहे, युद्ध आहे, तुरुंगातले हाल आहेत आणि लाडक्या काकाला दिलेला मृत्युदंड आहे. पुस्तक उत्तम आहे, नववी-दहावीत द्या. तुमच्या पिढीनं इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीतून वाचलाय, तेव्हा चौकटी तुम्हाला नव्या नाहीत. तोवर ‘पर्सेपोलिस’ तुम्हीच वाचा, आणि आत्याला फोन करून यंदा ‘एल डेफो’ मागवा.