‘महोगनी’ म्हणजे नेमके कुठले लाकूड?

प्रश्न असा आहे: इलेक्ट्रिक गिटारच्या माहितीत कधी ‘होंडुरन महोगनी’, कधी ‘आफ्रिकन महोगनी’, तर कधी नुसतेच ‘महोगनी’ असते. झाड एकच आणि देश वेगळे, की झाडेच वेगळी?

आपला चाफा आठवा. सोनचाफा, हिरवा चाफा, पांढरा चाफा: नाव एक, पण तिघांची कुळे तीन. महोगनीचे तसेच झाले आहे. फक्त इथे विशेषण गाळण्यात विकणाऱ्याचा फायदा असतो.

काटेकोर अर्थाने महोगनी म्हणजे स्विटेनिया प्रजातीतली तीन झाडे. त्यातली क्यूबन बाजारात जवळपास नाहीच. ‘होंडुरन’ म्हणजे स्विटेनिया मॅक्रोफिला. हे झाड मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंत आपसूक वाढते आणि फिजीतल्या लागवडीतही तेच आहे. म्हणजे ‘होंडुरन’ हा शब्द मुलूख सांगत नाही, जात सांगतो! १९५२ साली आलेल्या गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारीची बॉडी महोगनीची होती, वर मेपलचा थर. अशा गिटारींमुळे या शब्दाला जो भाव आला, त्यावर पुढे बरीच परकी लाकडे खपली.

‘आफ्रिकन’ म्हणजे खाया. प्रजाती वेगळी, पण कुळ तेच, आपल्या कडुनिंबाचे. सख्खी नाही, चुलत म्हणा. तिचे तंतू बरेचदा गुंतलेले असतात, रंधा मारताना उचकटतात. सापेले नावाचे लाकूडही याच कुळातले, पण जड: घनमीटरला साधारण ६७० किलो, होंडुरन ५९०च्या आसपास. त्यावरचे पट्टे देखणे असतात, तरी मी त्याला महोगनी म्हणणार नाही.

‘फिलिपीन महोगनी’ मात्र सालवृक्षाच्या कुळातली, आणि स्वस्त गिटारींच्या नेकला वापरतात ते नाटो मोहाच्या कुळातले. इथे नातेच तुटले. अर्थात नाव उसने म्हणून लाकूड वाईट ठरत नाही. नाटो चांगले टणक असते. आवाजाचे म्हणाल, तर भरीव बॉडीच्या गिटारीत पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बदलल्याने जितका फरक पडतो, तितका या चुलतभावंडांच्या अदलाबदलीने पडत नाही, असे माझे मत.

सीमाशुल्काच्या कागदांवर ही ढिलाई चालत नाही. अमेरिका खंडातली मॅक्रोफिला २००३पासून आणि आफ्रिकेतली खाया २०२३पासून साइट्स या, संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे तिथे शास्त्रीय नावच लिहावे लागते. मराठीत लिहिताना मी ‘महोगनी’ फक्त स्विटेनियासाठी राखतो. बाकीच्यांना खाया, सापेले, नाटो अशी त्यांची स्वतःची नावे आहेतच.