लग्नाआधी समुपदेशन घ्यावं का? घरचे म्हणतात, "अजून भांडण तरी झालंय का?"

तुम्ही लिहिलंय की सोयरीक जमली, तारीख मे महिन्यातली धरली, तुम्हा दोघांना एकदा समुपदेशकाकडे जायचंय, पण घरच्यांना ते अपशकुनी वाटतंय. जा. मी बारा वर्षं बीड जिल्ह्यात हेच काम करते. सुरुवातीला माझ्याकडे फक्त मोडायला आलेले संसार यायचे. त्यांचं ऐकता ऐकता कळलं की भांडणाचं मूळ बऱ्याचदा बस्ता बांधायच्याही आधीचं असतं. दोन्हीकडच्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि विचारायचं दोघांनाही अवघड वाटलेलं असतं.

बैठकीत मी दोघांना वेगवेगळे कागद देते. पहिला प्रश्न अगदी साधा: लग्नानंतरच्या तिसऱ्या महिन्यात, सोमवारी सकाळी सहाला तुम्ही कुठे असाल, काय करत असाल? अंबाजोगाईकडचं एक जोडपं होतं, मुलगा चाकणला कंपनीत. त्यानं लिहिलं, "कंपनीच्या बसमध्ये." तिनं लिहिलं, "चाकणला, ह्यांचा डबा भरतेय." छान जुळलं म्हणून दोघं हसले. तेवढ्यात बाहेर बाकावर बसलेली मुलाची आई आत डोकावली, "मॅडम, पहिलं वर्ष सून गावातच ऱ्हाईल की. लोक काय म्हनतील?" मुलगा मान खाली घालून पेनाचं टोपण काढ-घाल करत बसला. त्याला हे ठाऊक होतं, फक्त तिला सांगायचं राहिलं होतं. लग्न मोडलं नाही, तारीख मात्र तुळशीच्या लग्नानंतर गेली आणि मधल्या काळात त्यानं चाकणला खोली बघितली.

दुसरा कागद पैशांचा, आणि खरा घाम तिथेच फुटतो. पगार हातात किती येतो, घरी किती पाठवता, पीककर्ज कुणाच्या नावावर आहे, लग्नासाठी काय गहाण पडणार आहे. तिचा पगार असेल तर तो कुणाच्या खात्यात जाणार? हुंडा हा शब्द आता कुणी उच्चारत नाही, "पोराला फ्लॅटला थोडा हातभार" म्हणतात. 1961 च्या कायद्यानं देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, हे मी दोघांसमोर मोठ्यानं सांगते. मुलगा काय बोलतो यापेक्षा तो त्या वेळी कुणाकडे बघतो, ते मुलीनं बघावं.

त्यानंतर प्रत्येकाशी एकट्यानं बोलणं होतं. हे वगळणाऱ्या समुपदेशकाकडे जाऊ नका. चारचौघांत "माझी काही हरकत नाही" म्हणणारी मुलगी दार लागल्यावर "मला हे लग्नच नको" म्हणालेली मी ऐकली आहे. मुलंही म्हणतात. ठरल्यापासून लग्नापर्यंतच्या काळात त्यानं हात उगारला असेल, किंवा फोनचे पासवर्ड मागत असेल, तर तिथे बैठकांनी काही सुधारत नाही. लग्न थांबवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत प्रश्नच वेगळा असतो. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी धरतात, आणि मुकादमाची उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्यानं आधीच दिलेले पैसे, त्या जोडीवर. त्यामुळे पोरीचं लग्न हंगामाच्या हिशेबानं उरकलं जातं. मुलगी 18 ची आणि मुलगा 21 चा नसेल तर मी बैठक घेत नाही. मुलगी लहान असली तर 1098 ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, फोन करते. त्यापायी शिव्याही खाल्ल्यात.

रक्ततपासणीचं थोडक्यात. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे आईवडिलांकडून मुलांत येणारे रक्ताचे आजार, ते दोघांनीही तपासून घ्या. एकाच आजाराचे दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः ठणठणीत पण आजार मुलाला देऊ शकणारे, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के असते. कुंडलीला वेळ काढलाच असेल, तर या सुईलाही काढा.

राहिले घरचे. समुपदेशन हा शब्द घरात काढूच नका, तो ऐकला की लोकांना कोर्ट आठवतं. रक्त तपासायला चाललोय म्हणा, जे खरंच आहे, आणि त्याच दिवशी दीड तास जास्तीचा काढा. सासूबाई सोबत आल्या तर येऊ द्या. बाहेर बाक आहे, चहाही मिळतो.